लाकडी विमान आणि फोर्डचं जुनं इंजिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेजमध्ये विमान बांधतोय, असं एका गणपतीच्या जेवणात मी बोलून गेलो. तेव्हापासून सांगलीहून, पुण्याहून आणि इथल्या मराठी मंडळातून प्रश्न येत असतात. ज्यांची उत्तरं तीन-तीनदा लिहून झाली तेवढेच प्रश्न इथे घेतलेत. मी अमेरिकेत, दक्षिण मिनेसोटात राहतो. हे विमान जिथे जन्मलं ते चेरी ग्रोव्ह गाव गाडीनं फार लांब नाही, हा निव्वळ योगायोग.

1. तुम्ही बांधताय ते विमान नेमकं कोणतं?

पीटनपोल एअर कॅम्पर. दोन माणसांचं, उघड्या कॉकपिटचं, डोक्यावर एकच पंख असलेलं विमान. पंखांचा विस्तार साधारण 29 फूट, लांबी पावणेअठरा फूट. सांगाडा लाकडाचा, वरून ताणलेलं कापड. वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर, म्हणजे एक्सप्रेसवेवरची इनोव्हा आरामात बरोबरीनं येईल. नकाशे 1930 च्या दशकातले आहेत आणि पीटनपोल कुटुंबाकडून आजही मिळतात. माझ्या टेबलावर जी प्रत आहे तिच्यावर सरसाचे इतके डाग पडलेत की काही मापं आता पाठच झाली आहेत.

2. कारचं इंजिन विमानात बसवायची कल्पना कुणाची?

बऱ्याच जणांनी प्रयत्न केले होते. नीट जमवलं ते बर्नार्ड पीटनपोल यांनी. ते शिकलेले इंजिनिअर नव्हते, खेड्यातले मेकॅनिक होते. आधी फोर्डच्या मॉडेल टीचं इंजिन लावून पाहिलं, पण त्यात जोर नव्हता. मग मॉडेल ए आली आणि 1929 मध्ये तिच्या इंजिनावर एअर कॅम्पर उडालं.

पुढची गोष्ट मला फार आवडते. तेव्हाच्या एका लोकप्रिय तांत्रिक मासिकाचे संपादक वेस्टन फार्मर यांचं मत होतं की मोटारीचं इंजिन विमानाला चालायचं नाही. पीटनपोल यांनी वाद घातला नाही. 1930 च्या वसंतात ते आणि त्यांचे मित्र डॉन फिंकी दोन विमानं घेऊन मिनियापोलिसजवळच्या विमानतळावर जाऊन उतरले. दोन्ही विमानांत फोर्डचंच इंजिन. त्यानंतर त्याच मासिकानं या विमानाचे नकाशे छापले आणि मंदीच्या दिवसांत ते शेतकऱ्यांच्या, गॅरेजवाल्यांच्या हाती पोचले. पीटनपोल 1984 मध्ये गेले. चेरी ग्रोव्हमधली त्यांची कार्यशाळा आता ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत आहे.

3. नव्वद वर्षांपूर्वीचंच इंजिन का? पद्मिनीचं किंवा मारुती 800 चं का नाही?

सगळ्यात जास्त आलेला आणि सगळ्यात चांगला प्रश्न हाच, म्हणून उत्तर थोडं लांब आहे.

मॉडेल एचं इंजिन चार सिलिंडरचं, 3.3 लिटरचं आणि ताकद फक्त 40 हॉर्सपॉवर. एवढ्या मोठ्या इंजिनातून इतकीच? पण ती ताकद मिळते मिनिटाला 2200 फेऱ्यांना, आणि सगळी गंमत तिथेच आहे. प्रीमियर पद्मिनीचं इंजिनही कागदावर चाळिशीच्याच घरातलं, पण ते तेवढा जोर पाच हजारांच्या आसपास फेऱ्यांना देतं.

आता प्रोपेलर बघा. हळू उडणाऱ्या, वाऱ्याला भरपूर अडणाऱ्या विमानाला मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा लागतो. या विमानाचा लाकडी प्रोपेलर 76 इंच, म्हणजे 1.93 मीटर. मिनिटाला 2000 फेऱ्यांना त्याचं टोक सेकंदाला 200 मीटरनं फिरतं. तोच प्रोपेलर 5000 फेऱ्यांना फिरवला तर टोक 500 मीटरच्या वर जाईल, आणि आवाजाचा वेग आहे 340. एवढ्या वेगात प्रोपेलर हवा मागे ढकलण्याऐवजी नुसता किंचाळतो. मग प्रोपेलर लहान करा, नाहीतर मध्ये फेऱ्या कमी करणारा गिअर किंवा पट्टा घाला. लहान केला तर त्याला हे विमान ओढवत नाही. गिअर घातला तर वजन वाढतं, आणि इंजिनाच्या ठोक्यांनी होणारी कंपनं त्या गिअरला खातात. मोटारीच्या इंजिनावर उडणाऱ्या विमानांची बरीच दुखणी ब्लॉक-पिस्टनमध्ये नसतातच, ती या मधल्या जोडकामात असतात.

मॉडेल एला मधलं काहीच लागत नाही. पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाला प्रोपेलर, विषय संपला. इंजिन जुनाट आहे म्हणूनच ते इथे चालतं.

4. मग गाडीतून काढलं आणि तसंच विमानात बसवलं, इतकं सोपं?

नाही हो. पहिलं म्हणजे इंजिन उलटं फिरवून बसवतात. गाडीत जे फ्लायव्हीलचं, मागचं टोक, ते विमानात पुढे येतं आणि त्यावर प्रोपेलर लागतो. त्या बाजूचं बेअरिंग मोठं असतं, क्रँकचा पुढेमागे होणारा रेटाही तेच घेतं. बॅटरी आणि डिस्ट्रिब्युटर जाऊन मॅग्नेटो येतो, म्हणजे स्वतःची ठिणगी स्वतःच तयार करणारं यंत्र. कार्बुरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, गरम हवा द्यायची सोय करावी लागते (का, ते पाचव्या उत्तरात).

तेलाचं काम नीट समजून घ्या. मॉडेल एमध्ये पंप तेल वर चढवतो, तिथून ते आपल्या वजनानं मुख्य बेअरिंगांवर उतरतं, आणि कनेक्टिंग रॉडच्या तळाशी असलेले चमचे तळातलं तेल उडवत राहतात. गाडीला हे पुरतं. विमानात इंजिन तासभर जवळजवळ पूर्ण जोरावर चालतं, गाडी तशी कोण चालवतो? म्हणून आता बरेच जण मुख्य बेअरिंगांना दाबानं तेल पोचवतात. बेअरिंगही मूळचं ओतीव बॅबिटचं, मऊ मिश्रधातूचं. ते ओतून नीट घासून देणारे कारागीर इथेही कमी होत चाललेत. मी माझी क्रँक आधी भेगा तपासून घेतली, मगच पुढच्या खर्चाला हात घातला. हाच क्रम ठेवा. भेग निघाली तर बाकीचे पैसे वाचतात.

5. इंजिन हवेत बंद पडलं तर?

आईचा प्रश्न. दर रविवारी.

विमान दगडासारखं खाली पडत नाही, घसरत उतरतं. पण एअर कॅम्पर काही ग्लायडर नाही. तारा, आधारकाठ्या, उघडी चाकं, उभा रेडिएटर, सगळं वाऱ्याला आडवं. इंजिन थांबलं की वेग झपाट्यानं पडतो, त्यामुळे नाक ताबडतोब खाली घालावं लागतं. इथे दोन सेकंद विचार करत बसणारे अडचणीत येतात. चांगली बाजू अशी की ते ताशी 55-60 किलोमीटरला उतरतं आणि इथल्या मक्याच्या-सोयाबीनच्या सपाट शेतांत जागेची ददात नाही.

थांबण्याची नेहमीची कारणं तीन. एक, ठिणगी: मॅग्नेटो एकच आणि प्रत्येक सिलिंडरला प्लगही एकच, जोडीदार नाही. दोन, पाणी: होस सुटला की इंजिनाचं आयुष्य मिनिटांत मोजायचं. तीन, कार्बुरेटरमधला बर्फ. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा इतकी गार होते की बाहेर पंधरा अंश असले तरी दमट दिवशी आत बर्फ धरतो आणि हवेची वाट बुजते. त्यासाठी एक्झॉस्टजवळची गरम हवा आत घ्यायची दांडी असते. फेऱ्या हळूहळू उतरायला लागल्या की आधी ती ओढायची, विचार नंतर.

6. लाकडाचं विमान म्हणजे जरा धाडसच नाही का?

वजनाच्या हिशोबात चांगलं सिटका स्प्रूस, म्हणजे विमानासाठी वापरतात ते हलकं लाकूड, भल्याभल्या धातूंच्या तोडीचं आहे. फरक एवढाच की धातू कारखान्यातून एकसारखा येतो आणि लाकडाची प्रत्येक फळी वेगळी असते. म्हणून निवड आपल्याला करावी लागते. तंतू सरळ हवेत. पंधरा इंचांत एक इंचापेक्षा जास्त तिरके गेले तर ती फळी बाद. इंचाला निदान सहा वार्षिक वलयं हवीत. गाठ, राळेचा कप्पा, आडवी दबलेली रेघ दिसली की नाही म्हणायचं. मी विकत घेतलेल्या एका महागड्या फळीचं शेवटी बागेतलं बाक केलं.

लाकडाचा खरा शत्रू पाणी. कापडाखाली, कोपऱ्यात ओल साचली की कूज आतून सुरू होते आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून आतलं लाकूड वार्निशनं पुरतं बंद करायचं, प्रत्येक कप्प्याच्या तळाला पाणी जायला भोक ठेवायचं आणि विमान हँगरमध्ये ठेवायचं. वाळवी? मिनेसोटाची थंडी तिला परवडत नाही. कोकणात बांधणार असाल तर विचार करा.

7. सागवान वापरला तर? आमच्याकडे जुन्या वाड्याचा पडलाय.

वाड्याचा सागवान दारांना ठेवा. साग स्प्रूसपेक्षा जवळजवळ दीडपट जड असतो, आणि त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे सरस नीट धरत नाही. लाकडी विमान सरसावरच उभं असतं. स्प्रूस मिळालंच नाही तर इथले लोक डग्लस फर घेतात. ते जास्त मजबूत पण जडही, त्यामुळे मापं पुन्हा बघावी लागतात.

फर्निचरचा प्लायही नको. आतल्या थरांत फटी असतात आणि वरून कळत नाहीत. विमानाचा बर्चचा प्लाय वेगळा. रिबच्या (पंखातल्या फासळीच्या) सांध्यांना लागतो तो फक्त एक सोळांश इंच जाडीचा.

8. फेविकॉल चालेल का?

हसू नका, मीही विचारलं होतं. पांढरा सरस खुर्चीला उत्तम. पण सतत ताण राहिला की तो वर्षानुवर्षं किंचित किंचित सरकतो, आणि उष्णता-ओल लागली की आणखी ढिला पडतो. पीटनपोल यांच्या काळात दुधातल्या केसीनचा सरस वापरायचे. आता बहुतेक जण इपॉक्सी वापरतात. रिसॉर्सिनॉल जास्त टिकाऊ, पण त्याला सांधा अगदी चपखल, दाब भरपूर आणि खोली उबदार लागते.

माझी चूक सांगतो. मी घेतलेल्या इपॉक्सीचे दोन भाग मापानं समसमान घ्यायचे होते. मी शहाणपणा करून वजनकाट्यावर समसमान घेतले. दोघांची घनता वेगळी, म्हणजे प्रमाण चुकलं. दुसऱ्या दिवशी नखानं दाबलं तर सांधा खोडरबरासारखा. तीन रिब शेगडीत गेल्या. तेव्हापासून प्रत्येक मिश्रणाबरोबर दोन टाकाऊ तुकडे चिकटवतो, त्यावर तारीख घालतो आणि दुसऱ्या दिवशी ते शिकंज्यात धरून हातोडीनं फोडतो. लाकूड फाटलं तर पास. सरसाच्या रेषेवर सुटलं तर त्या दिवशीचं सगळं काम बाद.

9. रिब म्हणजे काय, आणि एक करायला किती वेळ लागतो?

पंखाला आकार देणारी फासळी म्हणजे रिब. पाव इंच बाय अर्धा इंच स्प्रूसच्या पट्ट्यांची. एका फळीवर आकार काढून कडेनं ठोकळे ठोकायचे, वर मेणकागद घालायचा, नाहीतर रिब फळीलाच चिकटते. वरची पट्टी पुढच्या टोकाला चांगली वाकते, म्हणून आधी ती वाफेवर धरायची. आमच्याकडे मोदकपात्राचं भांडं यात कायमचं गेलं, त्याबद्दल घरी बोलणी खाल्ली. मग पट्ट्या बसवायच्या, प्रत्येक सांध्यावर प्लायचा छोटा तुकडा चिकटवायचा, आणि रात्रभर हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी काढून मागच्या बाजूचे तुकडे. म्हणजे हातचं काम दोन-तीन तासांचं, पण ठोकळ्यातून दिवसाला एकच निघते. अशा तीसच्या आसपास लागतात. थंडीचे तीन महिने त्यात गेले.

10. वरचं कापड साधं असतं का?

पूर्वी सुती असायचं, आता पॉलिएस्टर. चिकटवून झालं की इस्त्री फिरवून ताणून घेतात, मग रंगाचे हात. इस्त्रीचं तापमान थर्मामीटरनं तपासा; बटणावरच्या आकड्यावर भरवसा नको. रंग शक्यतो फिका घ्या. काळ्या-गडद रंगाखाली उन्हात लाकूड इतकं तापतं की इपॉक्सी मऊ पडायला लागतं.

11. घरच्या गॅरेजमध्ये मावतं का?

धड मावतं. अखंड पंख मावत नाही, म्हणून मी तीन तुकड्यांचा पंख घेतला: मधला भाग आणि दोन बाजू. बांधायच्या आधी दाराचं माप घ्या.

12. पायलट मागे का बसतो? आणि समोर तो उभा रेडिएटर असताना दिसतं कसं?

समोरची जागा बरोबर पंखाखाली, विमानाच्या तोलाच्या बिंदूजवळ आहे. तिथे कुणी बसलं-न बसलं तरी तोल फारसा हलत नाही. म्हणून एकट्यानं उडायचं तर मागूनच.

दिसण्याबद्दल खरं सांगायचं तर समोरचं फारसं दिसत नाही. रेडिएटर नाकावर चिमणीसारखा उभा. जमिनीवर नागमोडी चालवत दोन्ही बाजूंनी डोकवायचं, उतरताना कडेनं बघायचं. मागच्या जागेत शिरायला पंखाच्या मागच्या कडेचा एक तुकडा बिजागरीवर वर उघडतो. त्यातून आत शिरताना सगळ्यांचंच डोकं एकदा आपटतं.

13. फोर्डऐवजी हलकं विमानाचं इंजिन लावलं तर चांगलंच ना?

ताकद वाढेल, भरवसाही वाढेल. पण तोल बिघडेल. मॉडेल एचं इंजिन, रेडिएटर आणि पाणी हे सगळं वजन नाकात आहे, आणि नकाशा त्याच हिशोबानं काढलाय. काँटिनेंटल ए-65 लावलं तर नाक हलकं होऊन विमान शेपटीकडे जड होतं, आणि शेपटीकडे जड विमान हातातून जातं. उपाय दोन: इंजिन पुढे सरकवा, किंवा आधारकाठ्या तिरक्या करून पंख मागे घ्या. पंखाची रुंदी 60 इंच; गुरुत्वमध्य, म्हणजे तोलाचा बिंदू, पुढच्या कडेपासून 15 ते 20 इंचांतच हवा. मागे बसणारा पायलट धिप्पाड असेल तर फोर्डच्या विमानातही हे गणित आधी करा. पीटनपोल यांनी स्वतः पुढे शेव्हरोले कॉर्व्हेरचं सहा सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं इंजिन वापरलं, म्हणजे ते काही फोर्डचे भक्त नव्हते.

14. अमेरिकेत परवानगी कशी मिळते?

विमान 'एक्सपेरिमेंटल' वर्गात नोंदतात. मुख्य अट अशी की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं शिकण्या-रमण्यासाठी केलेलं असावं. म्हणून कामाची वही आणि फोटो ठेवा. शेवटी तपासनीस येतो. त्यानंतर ठरलेल्या भागातच चाचणी उड्डाणं. इंजिन-प्रोपेलर प्रमाणित असेल तर साधारण 25 तास, आमच्यासारख्या मोटारवाल्यांना 40. या काळात प्रवासी बंद. बांधणाऱ्याला पुढे आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करायचा दाखलाही मिळू शकतो.

15. कुणाचं अर्धवट राहिलेलं विमान घेतलं तर ती अट मोडते का?

आधीचं काम हौशी माणसानंच केलं असेल तर मोडत नाही. दोघांचं मिळून मोजतात. मात्र त्याची वही आणि फोटो मागून घ्या. आणि सांधे उघडे असतील तोवर आठव्या उत्तरातली कसोटी आठवा. दुसऱ्याचा सरस फोडून बघता येत नाही.

16. मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. विमान माझ्या नावावर होईल का?

बांधायला कुणी अडवत नाही. अमेरिकेत विमान स्वतःच्या नावावर नोंदायला मात्र नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. शिवाय उडायला शिकण्यासाठी जे नागरिक नाहीत त्यांना आधी सुरक्षा-तपासणी पार करावी लागते, ग्रीन कार्डवाल्यांनाही. आमच्या मंडळातल्या एकानं या रांगेचा उपयोग असा केला की कार्ड हाती येईपर्यंत त्याचं शेपूट आणि सगळ्या रिब तयार होत्या.

17. हे महाराष्ट्रात करता येईल का?

घरी विमान बांधून नोंदणी मिळवल्याचं उदाहरण आपल्याकडे आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, 2016 च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि 2017 च्या नोव्हेंबरात डीजीसीएनं, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, त्याची नोंदणी केली. ते धातूचं, सहा आसनांचं, आमच्यापेक्षा कितीतरी मोठं काम. त्यांची कागदपत्रांची लढाई सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचली आहे. म्हणून माझा सल्ला असा: पहिली फळी कापायच्या आधी डीजीसीएशी पत्रव्यवहार सुरू करा.

18. पेट्रोल कोणतं? इथेनॉलवालं चालतं?

तासाला साधारण 15 लिटर. या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, 4.22 इतकं कमी आहे की महागड्या ऑक्टेनची गरज नाही. अडचण इथेनॉलची. ते पाणी धरतं आणि टाकीचे लेप, जुने वॉशर खराब करतं. मी बिनइथेनॉलचंच घेणार. टाकी पंखात, पेट्रोल आपल्या वजनानं खाली येतं, त्यामुळे पंप नाही. एक दुखणं कमी.

19. या इंजिनाला स्टार्टर नाही, मग ते चालू कसं करता?

प्रोपेलर हातानं फिरवून. चाकांना ठोकळे, शेपटी खुंट्याला बांधलेली, आत कॉकपिटमध्ये माहितगार माणूस. प्रोपेलरला हात लावायच्या आधी मॅग्नेटो चालूच आहे असं धरायचं, बंद केल्याची शंभर टक्के खात्री असली तरीही. सैल बाह्या, मफलर, गळ्यातली साखळी नको.

20. तयार झाल्यावर आम्हाला फिरवणार का?

आधी 40 तास पूर्ण होऊ देत (प्रश्न 14). मग हिशोब असा: पूर्ण भारासह विमान 490 किलोच्या वर जाता कामा नये. माझं रिकामं 290 च्या आसपास येईल असा अंदाज आहे. भरलेल्या टाकीतलं पेट्रोल 27 किलो, मी जॅकेटसकट 82. उरले 91. पण हे कागदावर. जुलैच्या दुपारी हवा पातळ होते आणि 40 हॉर्सपॉवर अगदीच तोकडी वाटते, तेव्हा 70 किलोच्या वरच्या पाहुण्यांनी सकाळी सहाला यावं. समोरच्या जागेत तारा आणि काठ्यांमधून वाकून शिरावं लागतं, म्हणून साडी नको. आणि आत्या, पर्स घरीच ठेवून ये.